ठाणावरची बाई आणि मानमोडीत गेलेली माय

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गावात कापडदुकानदाराचं जुनं घर आहे. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात अजून त्या घराला कापडवाल्याचा वाडाच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत बसली, कवेलू खाली आले आणि भावाभावांनी वाटणीचं मनावर घेतलं. शेत, पितळेची भांडी, सागवानी खांब, सगळ्याचा हिशेब बसला. अडलं ते माजघरातल्या एका फ्रेमपाशी.

फ्रेम दीड वीत उंचीची. आत एका बाईचं कमरेपर्यंतचं रंगीत चित्र. मान किंचित वळलेली, हातात गुलाबाचं फूल, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत, कपाळावर कुंकवाचा जाड थर. घरातले सगळे तिला ‘माय’ म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीत, या घरातली तरणी सून गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्या साथीने इतर प्रांतांपेक्षा जास्त माणसं नेली, आणि गावोगावच्या घरांत अशी एखादी तरी मृत्यूची गोष्ट अजून सांगितली जाते. सून सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला ही फ्रेम खाली उतरते. पुसतात, हळदकुंकू लावतात, नैवेद्याचं पान समोर ठेवतात.

यंदा घरच्या नातवाने पुण्यात बसून, फोनवर या फ्रेमचा फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला. तोच चेहरा, तेच फूल, तीच वळलेली मान त्याला जुने छापील कागद विकणाऱ्या एका परदेशी दुकानाच्या यादीत सापडली. वर्णन होतं: हिंदुस्थानात विकायच्या विलायती कापडाच्या ठाणावरचं लेबल. त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. एका काकाने लिहिलं, मग हिला वाटणीत धरायचंच कशाला. दुसऱ्याने जुन्या वस्तू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवला. त्याचा निरोप आला की घेतो, पण कुंकू, धागेदोरे, चिंध्या काढून कागद साफ करून द्या.

मी तालुक्याच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. जुनी कॅलेंडरं, काडेपेट्यांचे छाप, बिडीच्या बंडलावरचे मालकांचे फोटो असं काय काय मुलांकडून गोळा करून घेतो, हे आसपास माहीत आहे. म्हणून मला बोलावणं आलं. मला विचारलं गेलं ते इतकंच: सर, ही खरी की खोटी?

घरातल्या सगळ्यात मोठ्या काकू, वय ऐंशीच्या पुढे, सपरीत बसल्या होत्या. गेलेली बाई त्यांची आजेसासू, म्हणजे सासऱ्यांची, काकूंच्या भाषेत मामाजींची, आई. त्या म्हणाल्या, “जाहिरात कायची, सर? हे आमच्या मामाजीची माय व्हय. मामाजी सहा वर्साचे होते ते गेली तवा. तिचं तोंडच नोतं आठोत त्याईले.”

खरी की खोटी, या प्रश्नात मला रस वाटला नाही. मी म्हटलं, आधी फ्रेम खोलून पाहू द्या.

कागद जवळून पाहिला तेव्हा

काच काढल्यावर पहिली गोष्ट दिसली ती कुंकवाची. कुंकू दोन जागी होतं. एक काचेवर, अलीकडचं, केशरी झाक असलेलं. दुसरं खाली कागदावर, जुनं, काळपट लाल, आणि काचेवरच्यापेक्षा थोडं डावीकडे. काकूंनी उलगडा केला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा फ्रेमला काचच नव्हती. कागद झिजायला लागला म्हणून मागाहून बसवली, आणि तेव्हापासून कुंकू काचेवर लागतं.

मग भिंग लावलं. गाल म्हणजे नुसते ठिपके. फिकट गुलाबी ठिपके, त्यांच्या मधे पिवळसर, हनुवटीखाली सावलीत निळसर राखाडी. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके जाळीच्या शिस्तीत बसलेले असतात. कुठलंही कॅलेंडर भिंगाखाली धरा, ओळी मोजता येतील. इथे तशी शिस्त नाही. कुठे ठिपके दाट, कुठे विरळ, कुठे दोन एकमेकांना चिकटलेले. हे हाताने टिंबलेले ठिपके आहेत, म्हणजे ही दगडी छपाई आहे, क्रोमोलिथोग्राफी. जर्मनीतल्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढलेली युक्ती साधी होती: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. बव्हेरियातल्या झोलनहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर छपाईची शाई फिरवायची. शाई चित्रालाच धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. चांगल्या लेबलाला असे दहा-बारा दगडसुद्धा लागत.

याचा अर्थ नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे. या बाईचा गाल कुणी एकदम रंगवलेला नाही. गुलाबी दगडावर टिंबणाऱ्या कारागिराला समोर फक्त गुलाबी रंगाचा भाग उमटवायचा होता, तोही उलटा, आरशातल्यासारखा. निळसर दगडावर फक्त सावली. हे सगळे दगड एकाच कागदावर एकामागून एक छापले गेले, की मगच गाल गोल होतो आणि गळा खोल जातो. दुसऱ्या रंगांचा अंदाज मनात धरून एकेक ठिपका ठेवणारे हे हात होते. त्यांची नावं लेबलावर नसतात. चित्रकलेच्या पुस्तकांतही नसतात. मी वर्गात मुलांना पेन्सिलीने असा ठिपक्यांचा एक गाल करायला देतो. तास संपतो, गाल होत नाही.

चित्राच्या खालच्या कडेला इंग्रजीत ‘मेड इन इंग्लंड’ अशी बारीक ओळ आहे. तेव्हा नातवाचं बरोबर होतं. हे ठाणावरचं लेबलच, व्यापारात ज्याला तिकीट म्हणत.

पण व्यापाऱ्याला जे साफ करून हवं होतं, ते मी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.

छापील बाईचं डोकं उघडं आहे, केस मागे बांधलेले. त्यावर लुगड्याच्या काठाची एक पट्टी, लाल, कडेला जर उडालेली, खळीने चिकटवली आहे. पट्टी सरळ कापून ठेवलेली नाही. कानामागून वळताना तिला बारीक चुण्या घातल्या आहेत, म्हणून तो पदर खरोखर डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. छापील पदराचं मात्र चित्रकाराला काही उमगलेलं नाही. तो खांद्यावरून निघतो आणि पाठीमागे कुठेतरी हरवतो. ज्याने लुगडं कधी नेसताना पाहिलं नाही, त्याच्या हातचं ते काम आहे. जिने ही पट्टी लावली तिने रोज पदर घेतला होता.

पोत कागदात शिवलेली आहे. बारीक काळे मणी, सुती दोरा, प्रत्येक दोन-तीन मण्यांमागे सुई कागदातून खाली गेलेली आणि वर आलेली. कागदाला जवळजवळ भोकं पाडली तर तो पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो, हे ओळखून टाके लांब घेतले आहेत. आणि पोत कुठे बसवली आहे ते पाहा. छपाईवाल्याने हनुवटीखाली आणि गळ्याच्या बाजूने जी निळसर सावली टाकली, बरोबर तिच्या कडेकडेने मणी जातात. त्यामुळे पोत कागदावर ठेवल्यासारखी दिसत नाही, अंगावर रुळल्यासारखी दिसते. शिवणारीने चित्र वाचलं होतं. उजेड कुठून येतो, गळ्याचा उंचवटा कुठे आहे, हे तिला डोळ्याने कळलं होतं. टाका चेहऱ्याच्या जवळपासही गेलेला नाही, आणि हातातल्या गुलाबालाही तिने काही केलेलं नाही.

काकूंना विचारलं, हे कुणी केलं? म्हणाल्या, “धाकल्या बुढीनं. मांगून आलेलीनं.” म्हणजे मायच्या मागून घरात आलेल्या दुसऱ्या बायकोने. पहिलीच्या नावाने दुसरीने गळ्यात चांदीचा टाक घालायची चाल आपल्याकडे होती, पहिलीचा मान म्हणून आणि तिचा कोप होऊ नये म्हणूनही. या बाईने टाक घातला असेल-नसेल, पण तिने पहिलीच्या गळ्यात पोत घातली आणि डोक्यावर पदर दिला. घरची सून दिसेल इतकं तिला घरचं केलं.

हे तिकीट इथवर आलं कसं

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्यामागे इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसावर त्यांची नजर होतीच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवाहवासा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंतचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने येऊन सुरू केला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातला कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी धावू लागली. तीच आपली शकुंतला, किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली चाललेली. दारव्हा तिच्या वाटेवर. त्या गाडीतून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या रुळाने मुंबईला जात, आणि परतीच्या वाटेने कापडाची ठाणं येत.

ठाणावर हे तिकीट चिकटवलेलं असे. मँचेस्टरचे कापड व्यापारी सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला माल विकत होते, आणि त्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हतं. मग चित्रच नाव झालं. कुठे देव, कुठे हत्ती, वाघ, आगगाडी, राणी व्हिक्टोरिया, राजेरजवाडे, आणि कितीतरी ठिकाणी अशी फूल घेतलेली बाई. काढणाऱ्या छापखान्यांनी हा देश पाहिलेला असेच असं नाही. इकडून गेलेल्या चित्रांवरून आणि फोटोंवरून ते काम करत. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या चित्रांनी हिंदुस्थानभर घराघरांत एक ठरावीक स्त्री नेली: भरलेला चेहरा, वळलेली मान, एका बाजूने पडलेला उजेड. मायच्या चेहऱ्यात ती स्त्री आहे, आणि तिच्या सरळ नाकात थोडी इंग्लंडची बाईही आहे.

आता या सगळ्या व्यवहारातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तिकिटावरचा चेहरा बदलता कामा नये, हीच त्याची किंमत होती. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, मागच्या साली नेलं तेच फूलवाली बाईचं द्या. चेहरा तोच तर कापडाचा पोत तोच, रंग तोच, लांबी तीच. म्हणून इंग्लंडात १८७५ मध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा आला तेव्हा कापडाच्या चिन्हांसाठी मँचेस्टरला वेगळं कार्यालय उघडावं लागलं, इतकी त्यांची संख्या होती. हिंदुस्थानात १८८९ चा व्यापारी माल चिन्हांचा कायदा आला, त्यात ठाणावर वारांत लांबी छापायची सक्तीही होती. दुसऱ्याच्या तिकिटासारखं तिकीट काढलं म्हणून व्यापारी कोर्टात जात. हजारो ठाणांवर एकच बाई, दरवर्षी तीच, तशीच. ही यंत्राची कृत्रिमता होती असं आपण आज म्हणतो. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला त्या तेच-ते-पणाचा भरवसा वाटत होता.

फ्रेमच्या पाठीमागे

मागची लाकडी फळी काढली तेव्हा चित्र घट्ट बसावं म्हणून मधे कागदांची भर घातलेली सापडली. वर जुन्या हिशेबवहीची मोडीतली पानं. त्यांच्या खाली तीन तिकिटं. तीच बाई, तेच फूल. कोरी. पदर नाही, पोत नाही, कुंकू नाही. कसरीने एकाचा कोपरा खाल्लेला, बाकी रंग कालच छापल्यासारखे.

घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. ज्याने पहिल्यांदा ही फ्रेम केली त्याला पुरतं माहीत होतं की ही बाई कोण आहे आणि किती आहेत. तो कापडाचा दुकानदार. गठ्ठे सोडताना असली तिकिटं त्याच्या हाताखालून रोज जात होती. बायको मानमोडीत गेली, तिचा फोटो नाही, खेड्यातल्या सुनेचा फोटो काढायला तेव्हा कोण जात होतं. सहा वर्षांचं पोर आईला विसरायला लागलं. त्याने गठ्ठ्यातलं एक तिकीट घेतलं आणि म्हणाला, ही तुझी माय.

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या शांतपणे म्हणाल्या, “पाह्यले हायेत मी ते. काच बसवली तवा मामाजीनंच खोललं. आन् परत मांगं ठेवले.”

नातवाने विचारलं, “आजी, म्हणजे आबांना माहीत होतं?”

“दुकानात वाढला तो मानूस. त्याले का मालूम नसन?”

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“कोनं इचारलं?”

त्याच बसण्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९३० साली इकडे जंगल सत्याग्रह झाला. लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलैला पुसदजवळ गवत कापून कायदा मोडला, ते या भागात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. विलायती कापडावर बहिष्कार तेव्हा गावोगाव चालू होता. मामाजी अठरा वर्षांचे. घरात सांगतात की त्यांनी बापाशी भांडून दुकानातली विलायती ठाणं चौकात आणून पेटवली. भिंतीवरची माय मात्र तशीच राहिली. ‘मेड इन इंग्लंड’ खाली लिहिलेलं होतं आणि पोराला तोवर इंग्रजी वाचता येत होतं. कागद विलायती होता, त्यावरची बाई बारा वर्षांत घरची झालेली होती.

चारही प्रती ओळीने मांडून भिंगाखाली पाहिल्या. मागच्या तिघींचे ओठ मिटलेले आहेत. फ्रेममधल्या मायच्या ओठांचा लाल दगड छापताना केसभर खाली सरकलाय. त्यामुळे ओठांच्या मधे एक बारीक फट पडली आहे आणि ती काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखी दिसते. छापखान्याच्या हिशेबी ही चूक. असा कागद बाजूला काढायला हवा होता. दुकानदाराने हीच प्रत मुद्दाम वेचली की हाताला लागली ती घेतली, हे कागद सांगत नाही. पण घरात जी पुजली गेली ती ही.

यात कला कुठे आहे

नातू हुशार आहे. तो म्हणाला, “सर, अँडी वॉरहॉलने हेच केलं ना? जाहिरातीतला चेहरा घेऊन त्याची कला केली.” तुलना चांगली आहे, आणि फरक कुठे आहे ते तिच्यामुळेच दाखवता येतं. वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९६२ मध्ये मॅरिलिन मन्रोचा सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो घेतला आणि तो पुन्हा पुन्हा छापला. एका खऱ्या बाईचा चेहरा इतक्या वेळा उमटवला की बाई मागे गेली आणि छाप पुढे आला. दारव्ह्याकडच्या या माजघरात वाट उलटी आहे. मुळात कुणाचाच नसलेला, हजारदा छापलेला चेहरा घेतला आणि त्यातल्या एका प्रतीला एका बाईचं नाव, पोत, पदर आणि तिथी दिली.

आपल्याकडे छापील चेहऱ्यामागे खरा माणूस शोधायची ओढ मोठी आहे. पार्लेच्या बिस्किटाच्या पुड्यावरची मुलगी कोण, यावर कितीतरी जणींची नावं फिरत राहिली. ती १९६० च्या दशकात मगनलाल दैया यांनी काढलेलं चित्र आहे, फोटो नव्हेच, असं सांगूनही लोकांचं समाधान होत नाही. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत सिनेनटी लीला चिटणीस दिसल्या तेव्हा कंपनीला उलट तेच हवं होतं, ओळखीचा खरा चेहरा. मायच्या बाबतीत हा शोधच गैरलागू आहे. तिच्या चेहऱ्यामागे मँचेस्टरची कुठली बाई, रविवर्म्याचं कुठलं चित्र, हे कळलं तर माहिती वाढेल. या वस्तूचा अर्थ त्यावर टांगलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे. या चित्रात दोन कामं एकमेकांवर बसलेली आहेत, आणि दोन्ही नीट पाहिल्याशिवाय त्याला कला म्हणण्यात किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही. एक काम दगडावर टिंबणाऱ्यांचं: दर वेळी तोच, न बदलणारा चेहरा घडवण्याचं. दुसरं सुईदोऱ्याचं: त्या चेहऱ्याला एका घरापुरतं करण्याचं. आणि दुसऱ्याला पहिल्याची गरज होती. ज्या पोराला आईचं तोंड आठवत नव्हतं, त्याला न बदलणारं तोंड हवं होतं. आठवण दर वर्षी थोडी पुसट होते, माणसागणिक वेगळी होते. तिकिटावरचा चेहरा व्यापाराच्या शिस्तीने एकाच जागी धरून ठेवलेला होता. बाजाराने भरवशासाठी जे केलं, तेच दुःखाच्या कामी आलं. चांगला चित्रकार बोलावून अंदाजाने आईचं चित्र काढून घेतलं असतं, तर घरात रोज वाद झाला असता की नाक असं नव्हतं, डोळे तसे नव्हते. या चेहऱ्याशी कुणाचाच वाद नव्हता, कारण तो कुणाच्याच आठवणीतला नव्हता.

म्हणून व्यापाऱ्याने मागितलेली सफाई मला नुसती नापसंत नाही, मी तिला नासधूस म्हणेन. कुंकू खरवडलं, दोरा ओढला, काठ सोडवला की हातात उरेल ते भोकं पडलेलं एक तिकीट. बाजारात मान कोऱ्या तिकिटाला आहे हे खरं. बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने अशा लेबलांचा मोठा संग्रह जपला आहे, आणि ती जपायलाच हवीत. छापणाऱ्यांचं काम तिथेच शाबूत पाहायला मिळतं. पण ज्या तिकिटावर घराचा हात फिरला आहे त्याला खराब झालेली प्रत म्हणणं म्हणजे अर्धं काम न पाहताच भाव करणं.

मग काय केलं

भाव करायचा नाही यावर सगळे लवकर आले. ज्या काकाने आधी हिला वाटणीत धरायचंच कशाला म्हटलं होतं, तेच मागची तीन तिकिटं पाहिल्यावर सगळ्यात आधी बदलले.

फ्रेम पुन्हा करताना काही गोष्टी पाळल्या. त्या कुणाच्याही घरी उपयोगी पडतील. जुनी फळी आणि पुठ्ठा बदलला, कारण साध्या लाकडातलं आणि पुठ्ठ्यातलं आम्ल कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतं. मागे आम्लविरहित बोर्ड घातला. तो नागपूरहून आणावा लागला. चित्र आणि काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी बोर्डाचीच पट्टी दिली, म्हणजे मणी दबत नाहीत आणि पावसाळ्यात काचेला आलेला दमट घाम कागदाला लागत नाही. काठाची पट्टी एका टोकाला सुटली होती, ती गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने बसवली. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. लॅमिनेशन केलेला कागद परत सहजासहजी मोकळा होत नाही. कुंकवाला हात लावला नाही. फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवरून हलवली. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन त्या लाल रंगाला हळूहळू खाऊन टाकील. खोलण्याआधी, खोलताना आणि नंतर, बाजूने टॉर्च धरून मोबाइलवर फोटो काढले. तिरप्या उजेडात टाके आणि कुंकवाचे थर जसे दिसतात तसे समोरून दिसत नाहीत.

वाटणी अशी झाली. माय काकूंकडे, त्यांच्या मागून ज्या सुनेकडे अविधवा नवमीचं पान असेल तिच्याकडे. कोऱ्या तिकिटांतलं एक नातवाला, एक काकांना, आणि कसर लागलेलं एक माझ्या शाळेला. ते आता वर्गात असतं. मुलं भिंगातून ठिपके पाहतात, मग मायचा फोटो पाहतात, आणि पोत सावलीच्या कडेने का गेली हे त्यांचं त्यांना शोधू देतो.

दिवाळीनंतर गावच्या वाचनालयात जुन्या छापील चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि काकू दोन दिवसांसाठी फ्रेम द्यायला कबूल झाल्या. वाद झाला तो खालच्या चिठ्ठीवर. नातवाला हवं होतं: कापडाच्या ठाणावरचं तिकीट, इंग्लंड, दगडी छपाई. काकूंना हवं होतं फक्त गेलेल्या बाईचं नाव. मी दोन्ही लिहू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, मग धाकल्या बुढीचंही लिवा, शिवलं तर तिनं. चिठ्ठीवर आता दोघी सवतींची नावं आहेत, एकीखाली एक, आणि त्यांच्या खाली छपाईची ओळ. छापणाऱ्यांच्या नावासाठी जागा सोडली आहे. फळीमागची मोडीतली पानं वाचायला यवतमाळहून एक गृहस्थ येणार आहेत. ती तिकिटांसोबत जपलेली दुकानाच्या हिशेबाची पानं आहेत, आणि असल्या हिशेबात ठाणं कुठल्या छापाची आणि कुणाकडून आली हे लिहायची रीत होती.